दोन सूत

खंडेनवमीला मशीन धुतलं, पुसलं.
चकाला हळद-कुंकू, टूलपोस्टला झेंडू,
बेडवर पान-सुपारी.
नारळ दरवर्षी माझाच, एका घावात.
यंदा तीन लागले.
सगळे हसले. मीही हसलो.
मुलाण्याच्या सुफियाननं खोबरं वाटलं
आणि अभिनंदन शेटनी पाकिटं.

लोकांना वाटतं, तेव्हा ठरलं.
ठरलं त्याच्या आधी, श्रावणात, एका मंगळवारी.
दीड इंची शाफ्ट, बेअरिंगची बैठक,
आणि मायक्रोमीटर म्हणाला, अर्धा थाऊ कमी.
तपासणीच्या पोरीनं शिक्का मारला. पास.
तिच्या कागदात तेवढी सूट आहे.
माझ्यात नव्हती कधी.
शाफ्ट उचलला, भंगाराच्या पिंपात टाकला.
महिन्यातला तिसरा.
"काका, अर्ध्या थाऊनं काय आभाळ कोसळतंय?"
कोसळत नाही.
म्हणूनच तर.

उद्यमनगरात आलो सतराव्या वर्षी, झाडू मारायला.
वादाचा कीस कधी पाडला नाही,
पाडला तो लोखंडाचा, त्रेचाळीस वर्षं,
निळा, तपकिरी, कुरळा,
अजून अंथरुणात सापडतो एखादा, टोचतो.
आईनं नाव ठेवलं निवृत्ती.
वस्तादानं पहिल्याच दिवशी विचारलं,
"आल्या आल्या निवृत्ती व्हय रं?"
हाच विनोद नंतर अकरा फोरमननी केला,
प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच सुचला.
आता तो करायला कुणी उरलं नाही
तर तो खरा व्हायला निघालाय.

आधी कान सांगायचा.
टूल बोथटलं की लोखंड दात खातं,
पलीकडच्या शेडमधून मी ओरडायचो,
"दत्त्या, धार लाव!"
आता सोमवारी, अख्खं उद्यमनगर बंद,
तरी कानात लेथ चालूच,
आणि शेजारी उभा सुफियान काय म्हणतोय
ते मी त्याच्या ओठांवर वाचतो.

तर त्या संध्याकाळी
जवाहरनगरच्या चढाला सायकल उतरून ढकलली,
हातपाय धुतले, चुलीपाशी पाटावर बसलो.
शालन भाकरी थापत होती.
प्रत्येक थापेला हातातलं पितळी कडं
मनगटावरून कोपराकडं, कोपरावरून मनगटाकडं.
लग्नाच्या पहिल्या वर्षी
उरलेल्या पायपाचा तुकडा चकात धरून,
शेटना न विचारता, केलेली जोडी.
तेव्हा साबण लावून चढवावी लागली होती.

दोन सूत सैल.
कॅलिपर न लावता दिसलं.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या भोकांचं माप घेतलं
आणि हे मनगट कधी बारीक झालं
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.
"कधीपासनं गं?"
"काय ते? कडी व्हय? लई दिवस झालं.
आतनं सूत गुंडाळलंय की, बघा."
बघितलं. लाल सूत,
पिठानं पांढरं पडलेलं.

मग सांगितलं, आता बास करतो.
तिनं भाकरी उलटली.
पदराला हात पुसला.
"करा की. कोण नको म्हणतंय.
जायच्या आधी तेवढी ही कडी
बारीक करून आणा, तुमच्या मशीनवर."

तिला कसं सांगू,
लेथवर भोक मोठं होतं,
लहान होत नाही.
कापावं लागतं, जोडावं लागतं,
आणि जोड दिसतो.

भाकरी खाल्ली. काही बोललो नाही.
मंगळवारी सकाळी डब्याच्या पिशवीत
अर्ज होता चौघडी घातलेला,
आणि रुमालात दोन कडी,
सूत न काढता.